प्रार्थनाही केली, दवाखानाही गाठला

संपादक महोदय,

रविवारच्या अंकातला श्रद्धा आणि उपचारांवरचा लेख वाचला, त्यात प्रार्थना करणारे आईबाप म्हणजे उपचार टाळणारे असंच धरलंय, ते पटलं नाही. आम्ही ख्रिस्ती. दोन वर्षांपूर्वी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रात्री ताप चढला, मान ताठ झाली, झटके यायला लागले, इथल्या सात रस्ता चौकातून रिक्षा पळत होती आणि मी त्याला मांडीवर घेऊन प्रार्थना करत होते. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, निघाला. पाठीतून पाणी काढलं, अँटिबायोटिक लगेच सुरू केलं, यात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो असं डॉक्टर म्हणाले. आयसीयूबाहेर आमच्या चर्चचे पाळक आले, चर्चमधल्या बायका डबे घेऊन आल्या, पण औषध थांबवा असं एकानंही म्हटलं नाही. म्हणतील तरी कसे, बायबलातच येशूचं चरित्र लिहिणाऱ्या लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय आणि मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस या मिशनऱ्यानंच १८९४ मध्ये सुरू केलं. जे खरंच उपचार अडवतात त्यांच्यावर जरूर लिहा, कडक लिहा, पण आयसीयूच्या दाराशी हात जोडून बसलेल्या आईला त्यांच्यात धरू नका.

– एक वाचक, सोलापूर