प्रतिकृतीवर साल ठोका

माननीय संपादक,
स.न.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातला एक तरुण बिचवा (कड्याच्या मुठीचा आखूड, वाकडा खंजीर) घेऊन माझ्याकडे आला. 'शिवकालीन आहे, घराण्यातला आहे' असं सांगून कुणीतरी तो त्याला १८ हजारांना विकला होता. खंडेनवमीला पूजेत मांडायचा म्हणून त्याला शिकल, म्हणजे घासून-उजळून, करून हवी होती. मी मुठीचं कडं उजेडात धरलं. आतल्या अंगाला वेल्डिंगचा टाका, ग्राइंडरने घासून वर लांबी (पुट्टी) भरलेली. गंज सगळीकडे सारखाच लालभडक, बोटाला लागणारा. जुन्या पोलादाचा गंज काळपट असतो, खड्ड्यांत घट्ट बसलेला. जिथे वर्षानुवर्षं तळवा टेकला तिथल्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. या बिचव्याच्या कडा हाताला टोचत होत्या. पोराला कसं सांगावं, हे बराच वेळ मला सुचेना.

माझे आजोबा शिकलगार होते. कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून केलेली सहाण घेऊन ते माण-खटावच्या वाड्यांवर फिरत. पहिली कट्यार मी त्यांच्याकडेच हातात धरली. दोन आडव्या दांड्या मुठीत आल्या की पातं मनगटाच्या रेषेत सरळ पुढे येतं आणि बुक्की मारावी तसा वार बसतो. टोक मुद्दाम जाड ठेवलेलं, चिलखताची कडी फुटावी म्हणून. मूठ इतकी आवळ की माझ्या लहान हातालाही ती नेमकी बसली. आज विकायला असतात त्यांतल्या बऱ्याच कट्यारी पत्र्यातून कापलेल्या असतात. टोकापर्यंत एकाच जाडीच्या, आणि मुठीत हात सैल फिरतो.

प्रतिकृतींना माझा विरोध नाही. आयटीआयमधली नोकरी सांभाळून मी स्वतः मर्दानी खेळाच्या पोरांसाठी ट्रकच्या कमानपाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) बोथट कट्यारी आणि बिचवे घडवले. खेळाला, नाटकाला, मिरवणुकीला प्रतिकृतीच हव्यात. जुनी पाती उन्हातान्हात नाचवू नयेत. पण माझ्या प्रत्येक वस्तूच्या मुठीत आतल्या बाजूला नंबर-पंचाने साल ठोकलेलं आहे. प्रत्येक कारागिराने आणि विक्रेत्याने एवढं करावं, हीच माझी मागणी.

खूण केली की वस्तूची शोभा जाते, असं विक्रेते मला सांगतात. बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातल्या शस्त्रागाराच्या कट्यारींवर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं आहेत, आणि त्या खुणांमुळेच आज त्यांचं मोल वाढतं. नवं-जुनं जोडलं म्हणून वस्तू खोटी ठरते असंही नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत फिरंगी तलवारींची पाती कापून कट्यारींना बसवत. ते रिव्हेट आजही उघडे दिसतात. कुणी त्यांवर लांबी भरली नाही.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा मी ती पाहायला गेलो होतो. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती. पण अफझलखानाच्या वधात वापरलेली वाघनखं हीच, याचा पुरावा नाही, असं त्या संग्रहालयानेच म्हटलेलं आहे. आमच्या भागातल्या प्रदर्शनांत मात्र कमानपाट्याचा बिचवा आणि खरी जुनी कट्यार शेजारी शेजारी मांडतात आणि दोन्हींखाली 'शिवकालीन शस्त्र' एवढीच चिठ्ठी असते. ते पाहून माझा जीव तळमळतो. त्या चिठ्ठीवर 'प्रतिकृती' हा एक शब्द लिहायला काय लागतं?

आणखी एक विनंती. ज्यांच्या देव्हाऱ्यात खरंच जुनं पातं आहे त्यांनी ते चकचकीत करायला बफिंगवाल्याकडे देऊ नये. जौहरी पोलादावरची पाण्यासारखी नक्षी त्यात पुसून जाते. ग्राइंडरखाली धार निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा. कोरड्या सुती फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात फिरवला तरी पुरे.

त्या पोराला शेवटी मी खरं ते सांगितलं. तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "काका, मग पूजेत मांडू का नको?" मी म्हटलं, "मांड की. त्या दिवशी आपण कोयता, कुऱ्हाडही पूजतो. माझ्या घरी मोजमापाचं व्हर्निअर मांडतात." त्याच्या संमतीने मुठीत आतल्या अंगाला खरेदीचं साल ठोकून मी बिचवा त्याच्या हातात परत दिला.

आपला,
एक निवृत्त फिटर निदेशक, जि. सातारा