शाळेतील मिटवामिटवी कोणाच्याच हिताची नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत शिरून शिक्षकाला मारहाण झाल्याच्या किंवा शाळेतील कर्मचाऱ्यावर गंभीर आरोप झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. त्या वाचताना दरवेळी माझ्या मनात येते, की त्या माणसाने पहिल्या दोन दिवसांत कोणाचा सल्ला घेतला असेल आणि कोणत्या कागदावर सही केली असेल. मी तीस वर्षे ग्रामीण भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत काम केले, त्यांतील शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून; नोकरीत असताना इतर शाळांतील तीन कर्मचाऱ्यांच्या वतीने चौकशी समितीवरही बसलो. त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, कायदा बऱ्यापैकी पुरेसा आहे, परंतु प्रकरण कागदावर आणायला आपल्याकडे कोणीच धजावत नाही.

यात माझा स्वतःचाही दोष आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांना एका पालकाने आठवीच्या वर्गात, मुलांदेखत मारले. चष्म्याची काच फुटून भुवईत रुतली आणि टेबलावर उघड्या असलेल्या हजेरीपटावर रक्ताचे थेंब पडले. ते पान मी अजून विसरलेलो नाही. पोलीस ठाण्यात जाण्याऐवजी मी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा झाला, पालकाने हात जोडले, आणि ‘आमची कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही’ हे वाक्य मी माझ्या हाताने लिहून त्याखाली सरांची सही घेतली. शाळेचे नाव राखले, असे त्या रात्री मला वाटले होते. सरांनी मात्र त्या तुकडीवरचा तास पुन्हा कधी मागितला नाही.

त्या दिवशी खरे तर सरांना आधी सरकारी रुग्णालयात नेऊन जखमेची नोंद असलेले प्रमाणपत्र घ्यायला हवे होते आणि तेथून थेट पोलीस ठाणे गाठायला हवे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, घटना कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेली असली तरी, नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, असा मार्ग आहे. व्यवहारात अडचण येते ती अशी की, साधी दुखापत, शिवीगाळ आणि साधी धमकी हे अदखलपात्र गुन्हे असल्यामुळे ठाणे अंमलदार ‘एनसी’ म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद करून मोकळा होतो. म्हणून घडले तितके सगळे, वाढवून नव्हे पण गाळूनही नव्हे, फिर्यादीत यायला हवे: मारणारा वर्गात कसा शिरला, दार अडवले का, हातात काय होते, कोणते काम चालू असताना मारले. भारतीय न्याय संहितेत वाट अडवणे किंवा घातक हत्याराने इजा करणे दखलपात्र आहे, आणि लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला हल्ला कलम १३२ खाली तर दुखापत कलम १२१ खाली येते. जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या शिक्षकांना या कलमांचा आधार सहज घेता येतो. खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षक लोकसेवक आहे की नाही याबद्दल मात्र ठाण्यात वाद घातला जातो, असा माझा अनुभव आहे, आणि शासनाने तो एकदाचा निकाली काढावा. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. शाळेच्या शिपायाला आणि शिक्षिकेलाही तितकाच स्पष्ट आधार मिळायला हवा.

दुसरी बाजू आरोपांची. येथे सर्वप्रथम मुलाचा विचार झाला पाहिजे, आणि मी हे शिक्षकांच्या बाजूचा माणूस म्हणूनच लिहीत आहे. लैंगिक अत्याचाराबाबत मूल काही बोलले, तर शिक्षकांनी आधी आपापसांत खरेखोटे करीत बसायचे नसते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवण्यात कसूर करणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही याच कारणासाठी गुन्हा नोंदवला गेला. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे, त्यामुळे ‘आमच्या वेळी छडी चालायची’ हा बचाव नव्हे. ज्याने खरोखर हात उचलला, त्याला या पत्रातील एकाही ओळीने वाचवू नये.

परंतु आरोप झाला म्हणजे माणूस दोषी ठरला, असेही नाही. त्याने मुलाला किंवा पालकांना भेटायला, फोन करायला किंवा माफीचे निरोप पाठवायला जाऊ नये; आपली बाजू मांडण्याच्या भरात शिक्षकांच्या ग्रुपवर मुलाचे नाव टाकू नये, कारण ते स्वतंत्रपणे गुन्हा ठरू शकते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करावी आणि त्या दिवसाच्या वेळापत्रकाची व मस्टरची प्रतही मागून घ्यावी. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. अशा वेळी पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात आणि तिचे पालन करणे आरोपीच्याच हिताचे असते. अटकेची धास्ती असल्यास अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो, अटक झालीच तर आवडीचा वकील मिळणे आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, आणि कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळते.

नोकरीच्या बाबतीत खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. तीनुसार निलंबनापूर्वी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, निलंबनकाळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो, आरोप लेखी कळवून खुलाशाला सात दिवस द्यावे लागतात आणि नंतर तिघांची चौकशी समिती बसते. शिक्षकाच्या बाबतीत त्यांतील एक सदस्य संस्थेचा, एक खुद्द कर्मचाऱ्याने निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतील असतो. मी ज्या तीन समित्यांवर होतो, त्यांपैकी दोन ठिकाणी कर्मचाऱ्याला आपला सदस्य निवडता येतो हेच ठाऊक नव्हते. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करायचे असते. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवल्यास ते दाखल होऊ शकते.

हे सगळे टाळण्याचा सोपा उपाय म्हणून संस्था राजीनामा मागतात, आणि मला सर्वांत घातक वाटतो तो हाच प्रकार. एका तरुण शिक्षकाला रात्री आठ वाजता बोलावून आधीच टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवण्यात आला. तारखेची जागा तेवढी कोरी होती. बाहेर आई-वडील गाडीत बसले होते आणि ‘पोलीस केस नको असेल तर सही कर’ एवढेच त्याला सांगितले गेले. याच १९७७ च्या अधिनियमाचे कलम ७ सांगते की कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. तो माझ्याकडे आला तेव्हा तिसरा महिना चालू होता आणि हातात एकही प्रत नव्हती. तो निर्दोष होता का, हे आजही मला सांगता येणार नाही, कारण चौकशी झालीच नाही. निर्दोष असेल तर आयुष्यभराचा डाग त्याला लागला. दोषी असेल तर तो कोरी पाटी घेऊन दुसऱ्या शाळेतील मुलांसमोर जाऊन उभा राहिला.

म्हणून माझी शिक्षणाधिकारी कार्यालयांना आणि मुख्याध्यापक संघांना विनंती आहे की, पुढील सभेत अर्धा तास या विषयासाठी राखून ठेवावा, जवळचे पोलीस ठाणे, सरकारी रुग्णालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि शाळा न्यायाधिकरण यांचे पत्ते असलेला एक कागद प्रत्येक शिक्षक-कक्षात लावावा, आणि चौकशी समितीसाठीची पुरस्कारप्राप्त शिक्षकांची यादी दरवर्षी जून महिन्यात शाळांना कळवावी.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक