अभ्यासकांना कागद तरी द्या

महोदय,

परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की ‘पुस्तकी पंडितांना व्यवहार काय कळणार’ हा सूर हमखास लागतो. तो मला मान्य नाही. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील ३३ अभ्यासकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन इराकवरील युद्ध देशहिताचे नाही, असे बजावले होते. त्यांत केनेथ वॉल्ट्झ, जॉन मिअरशायमर यांच्यासारखे वास्तववादी, म्हणजे आदर्शांपेक्षा सत्ता आणि राष्ट्रहित यांचा हिशेब मांडणारे, अभ्यासक होते. भाबडे शांततावादी म्हणून त्यांना झटकून टाकता येत नव्हते. युद्ध सहज जिंकलो तरी तिथून बाहेर कसे पडणार, हा त्यांचा मुद्दा सरकारने कानाआड केला. पुढे काय झाले ते जगाने पाहिले.

आपल्याकडे के. सुब्रह्मण्यम यांनी सनदी सेवा आणि संशोधन दोन्ही केले, कारगिल आढावा समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. पण असे अपवादच! १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी करणारा लष्कराचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. मूळ कागदच मिळत नसतील तर आपल्या अनुभवातून सिद्धांत उभा राहणार कुठून?

कालिन्याच्या मुंबई विद्यापीठापासून वांद्रे-कुर्ला संकुलातील (बीकेसी) परदेशी वकिलाती हाकेच्या अंतरावर आहेत. न्हावा-शेवा बंदर, वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबल हे परराष्ट्र धोरणाशी जोडलेले सारे मुंबईच्या विद्यार्थ्यासमोर आहे. परराष्ट्र मंत्रालयाने अधिकाऱ्यांना वर्षभर इथे शिकवायला पाठवावे, इथल्या संशोधकांना मंत्रालयात मुदतीने घ्यावे आणि जुन्या फायली आधी खुल्या कराव्यात.

– एक प्राध्यापिका, सांताक्रूझ (पूर्व), मुंबई