तपासणी जोत्यापासून व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : बेळगाव शहर व परिसरातील इमारत बांधकाम नियमांची अंमलबजावणी

महोदय,

पावसाळा सुरू झाला की बेळगाव भागात दोन बातम्या ठरलेल्या असतात : कुठल्यातरी गल्लीत जुन्या कौलारू घराची भिंत कोसळल्याची आणि धोकादायक घरांच्या मालकांना नोटिसा दिल्याची. मातीची भिंत पाणी पिऊन फुगते, पायथ्याशी खचते आणि माणसे घरात असतानाच अंगावर येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे अशाच दुर्घटनेत ७ जणांचा बळी गेला. त्या घरांचा प्रश्न गंभीर आहेच. परंतु आजचे पत्र मी लिहीत आहे ते आत्ता उभ्या राहणाऱ्या इमारतींविषयी, कारण त्या जुन्या होतील तेव्हा त्यांच्या पोटात काय भरले होते हे सांगायला त्यांचा मेस्त्रीही हयात नसेल.

मी सुमारे तीस वर्षे बांधकामांवर पर्यवेक्षक म्हणून काम केले. सीमाभागातल्या लहानमोठ्या गावांत किती घरांचे पाये खोदताना आणि किती स्लॅब पडताना मी उभा होतो याचा हिशेब मी ठेवलेला नाही. मात्र पाया किंवा कॉलमच्या सळया उघड्या असताना परवाना देणाऱ्या कचेरीतून कोणी पाहायला आल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. साहेब येत ते घरपट्टी लावायला. तोवर गिलावा होऊन रंगही वाळलेला असे.

आपल्याकडे नियम नाहीत अशी स्थिती मुळीच नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये ती सुधारण्यात आली. पाया, सळई, काँक्रीट, आग, जिना, लिफ्ट, सांडपाणी अशा सर्व बाबी तिच्यात तपशिलाने दिलेल्या आहेत. मात्र ती भारतीय मानक ब्युरोने केलेली शिफारस आहे. ती आपोआप कायदा होत नाही. इमारत बांधकामाचे नियमन हा विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांपैकी एक आहे, म्हणजे तो नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या वाट्याचा आहे. दिल्लीत छापलेली संहिता वडगावच्या गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचायची असेल, तर राज्याने आपल्या नियमांत आणि स्थानिक संस्थेने आपल्या उपविधींत ती स्वीकारावी लागते आणि स्वीकारल्यानंतर ती पाळली जाते की नाही हे पाहायला माणूस पाठवावा लागतो. पहिले काम कागदावर होऊन जाते. दुसऱ्या कामाचे घोडे अडलेले आहे.

उपविधींतला जो भाग लोकांना तोंडपाठ असतो तो म्हणजे चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा, मजल्यांची संख्या आणि पार्किंग. याचे कारण सोपे आहे. या गोष्टी रस्त्यावरून दिसतात, टेपने मोजता येतात आणि शेजाऱ्याशी भांडण झाले की तक्रारीत लिहिता येतात. कॉलममधल्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगांचे हूक कसे वाकवले आहेत याबद्दल आजवर कोणा शेजाऱ्याने तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक माणसाचा जीव अडकलेला असतो तो या न दिसणाऱ्या भागात.

भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामासाठीच्या आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगावचा समावेश भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात केलेला आहे. त्याच आवृत्तीत बंगळूर त्याहून कमी धोक्याच्या दुसऱ्या क्षेत्रात येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेची जमीन हलली तेव्हा आमच्या गल्लीतली माणसे अंथरुणातून उठून रस्त्यावर आली होती, असे माझे वडील सांगत. भूकंप हा लातूर किंवा गुजरातचा विषय आहे असे समजण्याची चूक म्हणूनच आपण करू नये. किल्लारीचा परिसर तर सप्टेंबर १९९३ पूर्वीच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००१ च्या भूकंपात अहमदाबादमधल्या ज्या बहुमजली इमारती बसल्या, त्यांपैकी अनेकींत तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते कॉलम होते आणि वर भिंतींचे ओझे होते. बेळगावच्या उपनगरांत सध्या ज्या अपार्टमेंट उभ्या राहत आहेत, त्यांतल्या बऱ्याच त्याच धाटणीच्या आहेत. तशा इमारती सुरक्षित बांधता येत नाहीत असे नाही. परंतु त्यासाठी तळमजल्याचे कॉलम आणि त्यांतले पोलाद वेगळे हिशेबून घालावे लागते, आणि ते घातले की नाही हे काँक्रीट ओतण्यापूर्वीच कळते.

तिसऱ्या क्षेत्रात लागू असलेल्या आयएस १३९२० या मानकाप्रमाणे कॉलमच्या रिंगेची दोन्ही टोके १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात शिरतील अशी वळवायची असतात. आपल्याकडे ती सर्रास ९० अंशांत, काटकोनात सोडली जातात, कारण तसे वाकवणे हाताला सोपे जाते. जोराचा हादरा बसला की बाहेरचे काँक्रीट सुटते, काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया काडीसारख्या वाकतात. कव्हरची गोष्टही तशीच आहे. कॉलमच्या सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीट असायला हवे. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे बांधण्याऐवजी खडीचा तुकडा अडकवून काम उरकले जाते आणि आपल्या भागातल्या पावसात दहाबारा वर्षांत सळई गंजून कॉलमला उभी चीर पडते. मग मालक ती चीर पुट्टीने भरून वर रंग देतो. यात पैशाची बचत नगण्य असते. हा केवळ सवयीचा आणि कोणी विचारत नसल्याचा परिणाम आहे.

धारवाडच्या कुमारेश्वरनगरात १९ मार्च २०१९ रोजी बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून १९ जणांचे प्राण गेले. धारवाड आपल्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. त्यानंतर काही दिवस सर्वत्र बांधकामांच्या पाहणीची चर्चा झाली आणि नंतर ती विरून गेली.

कायद्यात अधिकार कमी नाहीत. कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ च्या कलम ३१० नुसार बांधकाम पूर्ण झाल्यावर तशी सूचना देऊन इमारत वापरण्याची परवानगी घ्यावी लागते आणि कलम ३२१ नुसार बेकायदा काम थांबवण्याचा व पाडण्याचा आदेश आयुक्तांना देता येतो. परंतु ही दोन्ही कलमे इमारत उभी राहत असताना किंवा राहून गेल्यावर कामाला येतात. लोक राहायला आलेली इमारत पाडणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते, आणि मला तर ते माणुसकीच्या दृष्टीनेही योग्य वाटत नाही. मग बेकायदा बांधकामाला दुप्पट घरपट्टी लावण्याची तरतूद पुढे येते. ती भरली की आपले बांधकाम नियमित झाले अशी मालकाची समजूत होते, जी चुकीची आहे. ‘अक्रम-सक्रम’ योजनेत १९ ऑक्टोबर २०१३ पर्यंतची बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याचे ठरले होते आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. न्यायालयात त्या योजनेचे काय व्हायचे ते होवो. माझा मुद्दा एवढाच आहे की मोकळी जागा न सोडल्याचा गुन्हा दंड भरून माफ होऊ शकतो, पण कमी पडलेली सळई दंडाने वाढत नाही.

शहराच्या कडेला तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. एका रस्त्याच्या एका बाजूला महापालिका, दुसऱ्या बाजूला कॅन्टोन्मेंट, पुढे बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची हद्द आणि त्यापलीकडे ग्रामपंचायत. हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर अशा शहराला चिकटलेल्या गावांत इमारती शहरासारख्या होतात, मात्र परवान्याचा कागद पंचायतीतून निघतो आणि पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून काँक्रीटची परीक्षा करण्याची अपेक्षा धरणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे. त्यात खरेदीखत न नोंदवता नुसत्या बाँडपेपरवर घेतलेले भूखंड असतात. ज्याच्या जागेलाच बिनशेती मंजुरी नाही तो बांधकाम परवाना मागायला जाणारच नाही. तो रातोरात पाया भरतो, भाताच्या शिवारात मुरूम टाकून त्यावर दोन मजले चढवतो आणि पुढच्या बरसातीत नाला फुगला की तेच पाणी जोत्याला लागते. अशा माणसाला केवळ कायदेभंग करणारा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. स्वस्त आणि मंजूर भूखंड त्याला कोणी दिला होता, हेही विचारले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात जे निर्देश दिले, त्यांत बांधकामाच्या जागी मंजूर नकाशा लावून ठेवावा, काम चालू असताना अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून तिची नोंद ठेवावी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावरच वीज व पाण्याची जोडणी द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. कर्नाटकात यातला वीजजोडणीचा भाग तेवढा गाजला, कारण तयार घराचे मीटर अडले आणि लोकांची ओरड झाली. नकाशा लावण्याचा आणि चालू कामाच्या पाहणीचा भाग मात्र कोणाला आठवेना. शेवटच्या दारावर कुलूप लावण्यापेक्षा पहिल्या पायरीवर माणूस उभा करणे स्वस्त पडते, असे मला वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की, परवाना देतानाच तपासणीचे टप्पे त्यात लिहावेत : पाया व जोत्याच्या सळया बांधून झाल्यावर एकदा आणि प्रत्येक स्लॅबपूर्वी एकदा. दोन दिवस आधी कळवायचे, अभियंत्याने यायचे, न आल्यास नकाशावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्वतः पाहून तारखेसह छायाचित्र दाखल करायचे. अधिक तपासण्या म्हणजे अधिक हात ओले करणे, असा आक्षेप काही मित्र घेतात आणि अनुभवाने घेतात. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे : ही छायाचित्रे आणि अभियंत्याचा शेरा परवान्याच्या क्रमांकासह सर्वांना पाहता यावा. गुपचूप दिलेल्या शेऱ्याची किंमत असते, उघड्यावरच्या शेऱ्याची फारशी नसते. पंचायतींसाठी तालुका पातळीवर एकदोन अभियंते सामायिक ठेवता येतील.

दुसरी गोष्ट भाषेची. हे लिहिताना मी सीमाप्रश्न उकरून काढत नाही. जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात घर बांधणारा मालक आणि त्याचा मेस्त्री पुष्कळदा मराठीच वाचतो. त्याला शंभर पानांचे उपविधी नकोत. रिंग कशी वाकवावी, कव्हर किती ठेवावे, चिऱ्याच्या भिंतीला जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर काँक्रीटची सलग पट्टी का घालावी, ओल्या काँक्रीटला निदान सात दिवस आणि मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस पाणी का मारावे, एवढे चित्रांसह मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत एका पानावर छापून परवान्याला जोडले तरी पुष्कळ काम होईल.

सध्या आमच्या गल्लीत दोन नव्या घरांची कामे चालू आहेत. एका मालकाने ओळखीमुळे मला स्लॅबच्या आधी कॉलम पाहायला बोलावले. सर्व रिंगा काटकोनात होत्या. मेस्त्री चांगला होता. मी हूक करून दाखवल्यावर त्याने कुरकुर न करता माणसे बसवली आणि दुपारपर्यंत सगळी टोके आत वळवून घेतली. खर्च झाला तो अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. दुसऱ्या घराचे काँक्रीट आदल्या दिवशीच ओतून झाले होते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक
शहापूर, बेळगाव