इस्त्रीने चिकटवायचे बिल्ले: सूचना मराठीत द्या आणि काठाला टाका घाला

मा. संपादक,
स.न.

गणवेशाच्या खिशावर शिवलेल्या मोनोग्रामऐवजी इस्त्रीने चिकटवायचा बिल्ला पालकांच्या हाती देण्याची पद्धत आपल्याकडे काही विद्यालयांनी अलीकडे सुरू केली आहे. डिचोलीत मी बरीच वर्षे शिवणकाम करते आणि संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्रावर असे बिल्ले स्वतः तयारही करते. त्यामुळे माझी तक्रार या बिल्ल्यांविषयी नाही. तो कसा लावायचा हे न सांगताच तो दिला जातो, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एकाच आठवड्यात माझ्याकडे सात शर्ट दुरुस्तीला आले. काहींचे बिल्ले पहिल्याच धुण्यात निम्मे सुटून लोंबत होते, तर दोन शर्टांच्या खिशांवर इस्त्रीच्या टोकाचा चकाकणारा डाग कायमचा उमटला होता. एका शर्टाचा बिल्ला मात्र इतका घट्ट बसला होता, की गोंद खिशाच्या कापडातून आरपार जाऊन खिसा आतून शर्टालाच चिकटला होता. ‘बिल्ला राहिला, पण पेन ठेवायला जागा राहिली नाही,’ असे त्या मुलाची आई हसत म्हणाली. खिशात आधी जाड कागदाचा एक तुकडा सरकवला असता तर हे टळले असते, पण तसे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

या बिल्ल्याच्या पाठीवर मेणासारखा दिसणारा जो चकचकीत थर असतो, तो उष्णतेने वितळणारा गोंद असतो. तो वितळून कापडाच्या धाग्यांत मुरतो आणि थंड झाला की घट्ट होतो. शर्टाच्या कॉलरमध्ये ती ताठ राहावी म्हणून आम्ही शिंपी जे पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे अस्तर घालतो, त्याचेही तत्त्व हेच आहे. गोंद धाग्यांत मुरायचा तर उष्णता, दाब आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळाव्या लागतात. आपण मात्र सवयीने ‘इस्त्री फिरवा’ असे म्हणतो आणि निम्मी चूक या शब्दातच होते, कारण बिल्ल्यावर इस्त्री फिरवायची नसते, ती एका जागी दाबून धरायची असते. वर सुती रुमाल ठेवून पंधरा ते वीस सेकंद दाबावे, मग शर्ट उलटा करून आतल्या बाजूनेही तितकेच दाबावे आणि बिल्ला पूर्ण थंड होईपर्यंत त्याला हात लावू नये. चिकटला की नाही हे पाहण्यासाठी गरम असतानाच कोपरा उचलून पाहण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तो कोपरा पुढे कधीच नीट बसत नाही.

इस्त्री किती तापवायची हे बिल्ल्यापेक्षा कापडावर अवलंबून असते. शर्टाच्या आत शिवलेल्या पट्टीवर इस्त्रीचे चित्र आणि त्यात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे मध्यम आणि तीन म्हणजे जास्त. निव्वळ सुती कापड तीन ठिपक्यांची उष्णता सोसते, परंतु गणवेश बहुधा टेरीकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेले असतात, आणि त्यांच्यावर दोन ठिपक्यांच्या पुढे गेले की तो चकाकणारा डाग पडतो, जो मग कशानेही जात नाही. रेनकोट, छत्री आणि नायलॉनचे दप्तर यांच्या वाटेला तर जाऊच नये, कारण तिथे गोंद वितळण्याआधी कापडच आकसते, आणि पाणी न शिरू देणाऱ्या लेपावर गोंद धरतही नाही. जीन्स, जाड कापडी पिशवी आणि सुती टोपी यांवर मात्र हे बिल्ले उत्तम बसतात. टोपीच्या आत टॉवेलाची घट्ट गुंडाळी भरली की गोलाईवरही दाब सारखा पडतो.

आपल्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. गोव्यात पावसाळ्यात घरात दोरीवर वाळवलेला शर्ट हाताला कोरडा लागला तरी त्यात ओल असते. ती ओल इस्त्रीखाली वाफ होऊन गोंद आणि कापड यांच्या मधे येते. म्हणून बिल्ला ठेवण्यापूर्वी ती जागा नुसतीच एकदा इस्त्री करून घ्यावी आणि वाफेच्या इस्त्रीची वाफ बंद ठेवावी. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे शर्ट एकदा धुऊन मगच बिल्ला लावलेला बरा. शिवाय आपण घरी गादीवर किंवा दुमडलेल्या चादरीवर इस्त्री करतो, तिथे सगळा दाब गादीच खाऊन टाकते. त्यासाठी पोळपाट उलटा ठेवून त्यावर एक सुती कापड घातले तरी काम होते. मी स्वतः सुरुवातीला तसेच करत असे.

बिल्ले बनवून घेणाऱ्या शाळांना, भजनी मंडळांना आणि फुटबॉल संघांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ढालीच्या आकाराच्या बिल्ल्याचे खालचे टोक सर्वांत आधी सुटते, म्हणून ते थोडे गोलसर ठेवावे. दुसरी गोष्ट ब्रीदवाक्याची. पाच मिलिमीटरहून कमी उंचीचे देवनागरी अक्षर यंत्राने भरले की ‘विद्या’ मधला ‘द्य’ म्हणजे दोऱ्याची एक गाठ होऊन बसते आणि अनुस्वार तर बहुधा नाहीसाच होतो. इंग्रजी अक्षरांसाठी ठरवलेले माप देवनागरीला चालत नाही, कारण तिला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि खालीही. ब्रीदवाक्य लांब असेल तर ते बिल्ल्यावर न भरता नुसते बोधचिन्ह ठेवावे, असा सल्ला मी देते. तो फारसा मानला जात नाही, हा भाग वेगळा. दोराही विचारून घ्यावा. रेयॉनचा दोरा चमकतो खरा, पण पांढऱ्या शर्टाला ब्लीच लावले की त्याचा रंग उडतो, त्या मानाने पॉलिएस्टरचा दोरा टिकतो.

हे सगळे नीट पाळले तरी रोज अंगावर घालून दर एक-दोन दिवसांनी धुतल्या जाणाऱ्या शर्टावर नुसत्या गोंदाचा भरवसा धरू नये, असे माझे मत आहे. उष्णतेने बसलेला गोंद उष्णतेनेच पुन्हा मऊ होतो, आणि गणवेशाला तर रोज इस्त्री होते. गोंदाने बिल्ला जागेवर सरळ धरून ठेवावा आणि काठाला बिल्ल्याच्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक टाके घालून तो पक्का करावा. हाताने हे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे आणि त्यासाठी शिंप्याकडे यावेच लागते असे नाही. फक्त खिशाचे तोंड शिवले जाणार नाही, एवढे पाहावे.

विद्यालयांना माझी विनंती एवढीच आहे, की प्रत्येक बिल्ल्याबरोबर मराठीत छापलेली अर्ध्या पानाची सूचना द्यावी आणि शेकड्यांनी बिल्ले मागवण्यापूर्वी गणवेशाच्याच कापडावर एक नमुना लावून तो निदान पाच वेळा धुऊन पाहावा. सूचनेचा मजकूर मी आनंदाने विनामूल्य लिहून देईन.

आपली विश्वासू,
शिवणकाम करणारी एक वाचक, डिचोली