ठाणे स्थानकाचा इतिहास एका दिवसाचा नाही

१६ एप्रिल जवळ आला की बोरीबंदर-ठाणे या देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीची तीच माहिती छापून येते: १८५३ साल, दुपारचे ३.३५, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, तीन इंजिने. ती खरी आहे, पण आजचे स्थानक घडले ते त्यानंतर. १ मे १८५४ रोजी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोहोचले आणि ठाणे शेवटचे स्थानक उरले नाही. पारसिकचा डोंगर आडवा, म्हणून मार्ग मुंब्र्याकडून वळवला. सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा १९१६ मध्ये झाला, तेव्हा कुठे तो वळसा वाचला. धीम्या लोकल आजही मुंब्र्यावरूनच जातात. २००४ मध्ये वाशीची लोकल सुरू झाली आणि ठाणे जंक्शन बनले; पुलांवरची गर्दी त्यामुळेच वाढली.

फलाट पाच-सहा दोन रुळांच्या मधे आहे. तो रुंद करायचा तर आधी शेजारचा रूळ आणि त्यावरची विजेची तार सरकवावी लागते. त्यासाठीच मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेतला, म्हणजे त्या रुळावरची वाहतूक बंद ठेवली. कडेला तयार काँक्रीटचे ठोकळे बसवले, कारण जागेवर ओतलेले काँक्रीट इतक्या वेळात पक्के होत नाही. दोन-तीन मीटर रुंदीसाठी एवढा खटाटोप! हाही स्थानकाचा इतिहासच आहे. या सगळ्या टप्प्यांचा नकाशा, सालांसह, पादचारी पुलावर लावावा. मराठीत, आणि चालता चालता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

- एक वाचक, ठाणे