हिरवळीवरच्या पट्ट्यांविषयी मुलीस पत्र

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली छायाचित्रे तुझ्या आईने आणि मी मोठी करून पाहिली. गवत निरोगी आहे, कडाही तू नीट राखल्या आहेस; पण आपल्या अंगणात उमटायचे तसे पट्टे इथे का उमटत नाहीत, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे. तुझ्या भावाने या पत्राला ‘बाबांचा गवतावरील प्रबंध’ असे नाव आधीच देऊन टाकले आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस.

पट्टे कापण्याने उमटत नाहीत, गवत वाकल्याने उमटतात, हे आधी ध्यानात घे. फिकट दिसणाऱ्या आणि गडद दिसणाऱ्या पट्ट्यांत गवताची उंची तीच असते आणि रंगही तोच असतो. ज्या पट्ट्यातली पाती आपल्यापासून दूर झुकलेली असतात तिथे त्यांची रुंद बाजू उजेड आपल्याकडे परतवते, म्हणून तो फिकट दिसतो. ज्या पट्ट्यातली पाती आपल्या दिशेने झुकलेली असतात तिथे आपल्याला टोके आणि त्यांच्या आडच्या सावल्याच जास्त दिसतात, म्हणून तो गडद वाटतो. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले की हे सगळे उलटे होते. तुला आठवते का ते ठाऊक नाही, पण लहानपणी तू खिडकीतून पाहून फिकट पट्टा कुठे आहे ते हेरून ठेवायचीस, खाली जाऊन त्यावर खडे मांडायचीस, आणि पलीकडून पाहताना तेच खडे गडद पट्ट्यावर दिसले की भावाने ते हलवले म्हणून त्याच्याशी भांडायचीस. आजोबांनी तुम्हां दोघांनाही दोष न देता सगळे खडे वेचायला लावले होते, कारण कापणाऱ्या यंत्राखाली सापडलेला खडा धार तर बोथट करतोच, शिवाय गोळीसारखा उडून कुणाच्या तरी पायावर बसतो. गवत कापण्याआधी सगळे अंगण एकदा चालून पाहण्याची आपल्या घरातली सवय तेव्हापासूनची आहे, आणि ती तूही सोडू नयेस अशी माझी इच्छा आहे.

आता यंत्राविषयी. आपल्याकडचे हाताने ढकलायचे यंत्र सिलिंडरचे होते: वळणदार पाती असलेला सिलिंडर फिरतो, खाली एक स्थिर सुरी असते आणि गवत त्या दोहोंमध्ये कात्रीत सापडावे तसे कापले जाते. मागे आडवा रोलर असतो, आणि पट्टे खरे तर तो रोलर उमटवतो, कारण कापलेले गवत तो लगेच पुढच्या दिशेला दाबत जातो. ही रचना फार जुनी आहे. इंग्लंडमधील ग्लूस्टरशायर परगण्यातल्या एडविन बडिंग या कारागिराने 1830 मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्याने गिरणीतले एक यंत्र समोर ठेवले होते. लोकरी कापडावर उभी राहिलेली लव ते यंत्र एकसारखी भादरत असे. त्याआधी हिरवळ राखायची तर लांब दांड्याच्या विळ्याने कापणारी कसलेली माणसे लागत, नाहीतर मेंढ्या सोडाव्या लागत. बडिंगच्या यंत्रालाही मागे रोलर होता, तेव्हा पट्टे जवळजवळ यंत्राइतकेच जुने आहेत असे म्हणायला हरकत नाही. या यंत्रामुळे घरमालकांना करमणुकीचा, उपयोगी आणि आरोग्यदायी व्यायाम घडेल असेही त्याने पेटंटात लिहून ठेवले आहे. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर भर दुपार नसावी.

तुझे यंत्र निराळ्या जातीचे आहे. त्यात एकच पाते जमिनीला समांतर असे अतिशय वेगाने फिरते, हवेच्या ओढीने गवत उभे करते आणि त्याला फटकारून कापते. मागे रोलर नाही, फक्त रबरी पडदा आहे, आणि तो गवताला जेमतेम स्पर्श करतो. त्यामुळे पाती वाकतात थोडी आणि लगेच सरळ होतात. शिवाय छायाचित्रावरून वाटते की तू गवत फार आखूड कापतेस. आखूड पाती वाकणार तरी किती? उंची अडीच-तीन इंचांवर ठेवून पाहा, आणि त्या यंत्राला मागे बसवायचा रोलर मिळत असेल तर तो बसवून घे. एवढ्यानेही पट्टे पुसटच आले तर दोष तुझ्या गवताच्या जातीचा असू शकेल. रायग्रास, फेस्क्यू, ब्लूग्रास अशी थंड हवेची गवते मऊ आणि लवचीक असतात, त्यांवर पट्टे ठसठशीत दिसतात. हरळीच्या जातीची उष्ण हवेची गवते ताठ असतात, त्यांवर ते फिके उमटतात आणि लवकर विरतात. विंबल्डनची मैदाने 2001 पासून पूर्णपणे रायग्रासची आहेत आणि तिथले गवत स्पर्धेच्या काळात अवघे 8 मिलिमीटर उंच असते, तरीही तिथे पट्टे दिसतात. पण तिथे जड रोलरची यंत्रे असतात आणि ती रोज फिरतात. त्याची बरोबरी आपण करू नये.

धारेविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण पट्टे सरळ असून हिरवळ निस्तेज दिसत असेल तर नव्वद टक्के दोष तिथे असतो, असा माझा अंदाज आहे. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि फाटलेली टोके एक-दोन दिवसांत वाळून पांढुरकी होतात. आजोबा आपल्या सिलिंडरची धार वर्तमानपत्राच्या कागदाने पाहायचे. यंत्र उलटे करून ते फरशीवर ठेवायचे, बोटभर रुंदीची कागदाची पट्टी स्थिर सुरीवर आडवी धरायचे, दुसऱ्या हाताने सिलिंडर हळूच फिरवायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. कागद स्वच्छ तुटला तर ठीक. नुसता दुमडून खाली गेला तर दोन्ही बाजूंचे स्क्रू किंचित पिळायचे, पण इतकेच की सिलिंडर फिरताना अडू नये आणि फक्त एक बारीक खसखस ऐकू यावी. हे ते डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला असे तिन्ही जागी करायचे, आणि कागद धरायचे काम माझ्याकडे असले तरी सिलिंडरला हात लावायची परवानगी मला खूप उशिरा मिळाली. तुझ्या यंत्रात हा खटाटोप नाही. पाते काढून कानशीने घासता येते. मात्र खाली हात घालण्यापूर्वी वीज किंवा बॅटरी काढलेली असलीच पाहिजे, आणि पेट्रोलचे असेल तर स्पार्क प्लगची वायर. यात सवलत नाही.

प्रत्यक्ष कापताना आधी कडेकडेने दोन फेऱ्या मारून घे, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी वळायला जागा होते. मग भिंत, पायवाट किंवा कुंपण यांपैकी जे सर्वांत सरळ असेल ते धरून पहिली ओळ काढ. पुढच्या सगळ्या ओळी हिचीच नक्कल असतात, त्यामुळे हिच्यासाठी दोरी बांधावी लागली तरी लाजू नकोस. चालताना नजर चाकावर ठेवलीस तर ओळ हमखास नागमोडी होईल. समोरच्या टोकाला एखादी खूण पकडायची आणि तिच्याकडे पाहत चालायचे. परतीची ओळ आधीच्या ओळीवर चार बोटे चढवायची, नाहीतर मध्ये न कापलेल्या गवताच्या मिशा उरतात. वळताना एकाच चाकावर यंत्र गरकन फिरवले की तिथले गवत सोलवटून निघते, म्हणून मूठ दाबून पुढची चाके उचलायची आणि कडेच्या मोकळ्या पट्टीवर सावकाश वळायचे. सगळे झाले की कडेने आणखी एक फेरी, म्हणजे वळणांचे डाग पुसले जातात. गवत कोरडे असतानाच हे करायचे हे वेगळे सांगायला नको. ओले गवत यंत्रात लगदा होऊन अडकते.

आपल्या घरी नक्षीवरून कोणी कापले आहे ते ओळखू यायचे. आजोबांच्या ओळी उभ्या आणि काटेकोर. तुझी आई झाडाभोवती कमान घालायची आणि तीच कमान पुढच्या प्रत्येक ओळीत सांभाळत न्यायची. दिसायला ते सर्वांत सुंदर आणि करायला सर्वांत कठीण, कारण पहिलेच वळण जरा जास्त घेतले तर पुढे ते वाढतच जाते. भाऊ तिरपे पट्टे काढायचा, आणि आठवड्याने उलट्या तिरप्या दिशेने कापून त्यांच्या शंकरपाळ्या करायचा. चौकटी हव्या असतील तर हेच उभे-आडवे करायचे: आधी एका दिशेने सगळे अंगण, मग काटकोनात पुन्हा सगळे.

तू मात्र कडेपासून सुरुवात करून गोल-गोल आत जायचीस आणि मधोमध पोचून थांबायचीस. तुझी अपेक्षा गोगलगायीच्या शंखासारखे वळसे दिसतील अशी होती, आणि वरच्या खिडकीतून पाहिल्यावर दिसले ते निराळेच: चौकोनी अंगणाचे चार त्रिकोण, एक फिकट, त्याच्या समोरचा गडद, बाजूचे दोन मध्यम. तू फार हिरमुसलीस. मला मात्र ती नक्षी अजून आठवते, कारण सबंध विषय तिच्यात आहे. पट्टे दिसायला शेजारच्या दोन ओळी परस्परांच्या उलट दिशेने वाकलेल्या असाव्या लागतात. तू एकाच बाजूने वळत गेल्यामुळे अंगणाच्या प्रत्येक बाजूच्या सगळ्या ओळी एकाच दिशेने झुकल्या, वळसे एकमेकांत मिसळले आणि फक्त चार दिशा उरल्या. हिरवळीवर आपण रेघा काढत नसतो. आपण कुठून कुठे गेलो एवढेच तिथे उमटते.

म्हणूनच दर वेळी दिशा बदलायची. एकाच वाटेने चाके फिरत राहिली तर माती दबते, चाकोऱ्या पडतात आणि गवताला त्याच बाजूला पडून राहायची सवय लागते; मग पाते वरून निघून जाते आणि आडवी झालेली पाती तशीच राहतात. आजोबा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर गवत कापलेल्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बाण काढायचे: उभा, आडवा, एक तिरपा, दुसरा तिरपा, मग पुन्हा पहिला. दुधाचा हिशेब आणि बाण एकाच चौकोनात असायचे आणि आजी त्यावरून कुरकुर करायची. तुझ्या फोनवर याची काहीतरी सोय असेलच.

फुटबॉलच्या मैदानांवर मध्यंतरी वर्तुळे, चांदण्या, चौकटी असे काय काय काढले जात होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2017-18 च्या हंगामापासून ते बंद करून साध्या सरळ आडव्या पट्ट्यांचा नियम केला. पुष्कळांना वाईट वाटले; मला नियम योग्य वाटतो. खेळाचे मैदान कारागिरी दाखवण्याची जागा नव्हे, आणि सरळ आडव्या पट्ट्यांचा पंचांना ऑफसाइड पाहताना उपयोग तरी होतो. तुझ्या अंगणात पंच नसल्याने तुला पूर्ण मोकळीक आहे.

उंचीचा नियम एवढाच की एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. तीन इंच ठेवायचे असेल तर साडेचार इंच होईपर्यंतच थांबायचे. गवताची पाती टोकाकडून नव्हे तर बुडाकडून वाढतात, म्हणून टोक कापलेले त्यांना सोसते. पण निम्मे पान एकदम गेले तर अन्न तयार करायला काही उरत नाही, आणि मुळे वाढायची थांबतात. तू प्रवासाला जाऊन आलीस आणि गवत वाढून बसले असेल तर ते दोन-तीन वेळा, मध्ये काही दिवस जाऊ देऊन खाली आण. कापलेले बारीक गवत उचलू नकोस; ते कुजून त्यातला नायट्रोजन पुन्हा मातीलाच मिळतो. फक्त गठ्ठे पडले असतील तर दाताळ्याने पांगव.

छायाचित्रात अंगणाच्या एका कोपऱ्याकडे उतार आहे असे आईचे म्हणणे आहे, मला तो दिसत नाही. तसा तो असेल आणि तीव्र असेल तर यंत्र उताराला आडवे चालव, वर-खाली नको. पाय घसरला तर यंत्र अंगावर येता कामा नये. अंगणाची लांबी-रुंदी, उताराची बाजू आणि तू जास्त वेळ कोणत्या खिडकीशी बसतेस हे कळव. पट्टे त्या खिडकीपासून सरळ दूर जाणारे असतील तरच तिथून उठून दिसतील, तेव्हा पहिली ओळ कोणत्या भिंतीलगत घालायची ते तुझे उत्तर आल्यावर कागदावर आखून पाठवतो.

तुझा,
बाबा